फाट्यावर न मारलेली हाक

तिची पोरगी पहिल्यांदा कुणाचा हात न धरता उभी राहिली, तेव्हा मी माझ्या मुलाच्या हनुवटीवरची लाळ पुसत होते. सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण हातात ओला रुमाल होता, त्यामुळे माझ्या टाळीचा आवाज आला नाही. मला ते बरंच वाटलं.

सेनगावात खताच्या दुकानामागे एका संस्थेनं हॉल भाड्यानं घेतला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं आमच्यासारख्या बाया लेकरं कडेवर घेऊन यायच्या. आत चटया, मोठाले रबरी चेंडू, धरून चालायला दोन लांब लाकडी दांड्या. थेरपीच्या मॅडम नांदेडहून यायच्या. लेकराचे ताठलेले पाय कसे मोकळे करायचे, मान कशी सावरायची, घास कसा भरवायचा, हे त्या एकेका आईला समोर बसवून शिकवायच्या. फिटच्या गोळ्याही तिथूनच मिळायच्या.

माझा मुलगा जन्मला तेव्हा रडला नाही. मेंदूला हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणाले. साखरा गावात आमचं भरलं घर, आणि हा घरातला पहिला नातू. तीन वर्षं आम्ही कुठं कुठं फिरलो ते सांगत बसत नाही. कुणी तेल दिलं, कुणी अंगारा दिला, कुणी मोठं झाल्यावर आपोआप चालेल म्हणून सांगितलं. त्या हॉलमध्ये पहिल्यांदा मला एका माणसानं खरं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हा चालेल असं मी म्हणणार नाही. पण मान धरेल, बसेल, नीट जेवेल. त्यासाठी कष्ट करू." मी त्या दिवशी खूप रडले आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले.

ती आली त्याच्या वर्षभरानंतर. आमच्या रस्त्यावरच्याच तांड्यावरची. नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची, पोरगी झाल्यापासून घरी राहिली होती. पोरगी दीड वर्षाची, दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. ती हॉलच्या दाराशीच उभी राहिली, आत यावं की नाही कळेना. मीच तिला बोलावलं, माझ्या चटईवर जागा दिली. चपला कुठं ठेवायच्या, पोरीला कसं धरायचं, सगळं दाखवलं. ती शाळेत गेलेली नव्हती आणि तिचा फोन साधा, बटनांचा. केंद्राचे निरोप ग्रुपवर यायचे, ते मी वाचून तिला सांगायचे. मंगळवारी आमची काळीपिवळी जीप तांड्याच्या फाट्यावर थांबली की मी तिला माझ्याशेजारी बसवून घ्यायचे. तिला लागणारी प्रत्येक गोष्ट माझ्या हातून जात होती, आणि मला ते आवडत होतं, हे आज कबूल करते. आमच्या गल्लीत मी 'बिचारी' होते. त्या गाडीत मी कुणाची तरी ताई होते.

मग तिची पोरगी उभी राहिली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सहज सांगायचं म्हणून सासूबाईंना सांगितलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "तांड्यावरची पोरगी उभी राहिली अन् आपलं लेकरू अजून मान टाकून राहिलं. तूच काई तरी कमी करून राहिली असशील."

मी रोज सकाळ-संध्याकाळ तासभर त्याचे पाय मोकळे करत होते. माझी बोटं सुजायची. ती किती करत होती ते मला माहीत नव्हतं, पण ती शेतात जायची, तिला माझ्याइतका वेळ नसणार असं मी धरून चालले. मग तिचीच पोरगी का? दोन्ही लेकरांचा आजार नावापुरता सारखा असला, तरी माझ्या मुलाचा फार जास्त होता. मॅडमनी हे मला तीनदा समजावलं होतं. मला ते समजत होतं आणि तरीही मी तिच्या पोरीच्या पायाकडे बघितलं की तिच्यावर जळायचे.

पोरगी चार पावलं टाकायला लागली. पायांना टाच खाली धरून ठेवणारे प्लास्टिकचे स्प्लिंट घालून, दांडी धरून, मग दांडी सोडून. पुण्याहून संस्थेचे पाहुणे आले तेव्हा मॅडमनी पोरीच्या आईला खुर्चीवर बसवलं आणि बोलायला सांगितलं. मी बारावी झालेली, पाहुण्यांपुढं काय बोलायचं ते मी दोन दिवस मनात घोकलं होतं. मला कुणी विचारलं नाही. ती मात्र पदर सावरत म्हणाली, "आमी काय बोलावं साहेब. पोरगी उठून माझ्यामागं चुलीपाशी आली. एवढंच हाय." पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो निघाले. माझा मुलगा त्याच वेळी मोठ्यानं ओरडायला लागला, तेव्हा एक बाई हळूच म्हणाल्या, "यांना जरा बाहेर नेता का?" मी त्याला घेऊन बाहेर खताच्या पोत्यांशेजारी उभी राहिले. आतून टाळ्या ऐकू आल्या.

त्यानंतर महिनाभरातच बातमी आली की केंद्राला मदतीसाठी एक बाई हवी आहे, आयांपैकीच कुणीतरी. मला वाटलं, मीच. मॅडमनी तिला विचारलं.

स्प्लिंटचं माप घ्यायला तीन महिन्यांतून एकदा एक कारागीर यायचा. पायाला ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा काढायचा आणि महिन्याभरानं नवे स्प्लिंट पाठवायचा. तिच्या पोरीचे जुने आखूड झाले होते, टाच मावत नव्हती. तो मंगळवारी येणार होता. आदल्या बुधवारी मॅडमचा मला फोन आला, "तो परवाच येतोय, शुक्रवारी. तिचा फोन लागत नाही. तुम्ही तेवढं सांगाल ना?"

"सांगते," मी म्हणाले.

तिच्या घरी हळदीचं शिजवण चालू होतं, म्हणून ती त्या शुक्रवारी येणार नव्हती, हे मला माहीत होतं. गुरुवारी मी सेनगावला बाजाराला गेले. जाताना गाडी फाट्यावर थांबली. तिचं घर तिथून दिसतं. कढईचा धूर दिसत होता. मी खिडकीतून नुसती हाक मारली असती तरी कुणीतरी पळत आलं असतं. मी पिशवीचे बंद सोडले आणि पुन्हा बांधले. गाडी निघाली. येताना आणखी एकदा थांबली. तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. शुक्रवारी सकाळी तिसऱ्यांदा. शुक्रवारी मुलगा मांडीवर होता, आणि मी त्याची टोपी नीट करत राहिले.

मंगळवारी ती आली. हाताला हळदीचा पिवळा रंग, पोरीला नवा फ्रॉक घातलेला. पोरगी मॅडमना आपला पाय दाखवत होती. मॅडम म्हणाल्या, "अगं, तो तर शुक्रवारी येऊन गेला. निरोप नाही मिळाला?" आणि माझ्याकडे बघितलं.

"राहूनच गेलं मॅडम," मी म्हणाले. "घरी पाव्हणे होते."

तिनं पोरीला कडेवर घेतलं. परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी न बसता समोरच्या बाकावर बसली. गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाली, "पाव्हणे होते व्हय?"

"हो."

"माझी सासू फाट्यावर शेळ्या घेऊन उभी होती बेस्तरवारी. तिनं पाह्यलं तुमाला. हात बी केला तिनं. तुमी तोंड फिरवलं."

गाडीत दोन म्हातारे आणि एक कॉलेजची मुलगी होती. सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "मला नाही दिसली."

"काहून?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "काहून केलं असं? मी काय वाईट केलं तुमचं?"

मी खोटं बोलणार होते. मुलगा मांडीवर ताठ झाला, त्याला सावरता सावरता तोंडातून निघून गेलं, "तुझी चालायली म्हणून."

तिनं पोरीचा पाय हातात घेतला. म्हणाली, "मग माझ्यावर रागवायचं. मला शिव्या द्यायच्या. या पायानं काय केलं तुमचं?"

फाटा आला. ती उतरली. पोरगी नेहमीसारखी मला टाटा करत होती.

पुढचे आठवडे मी त्या पायाकडे बघत काढले. आखूड स्प्लिंटनं टाच सोलली, म्हणून काढून ठेवावं लागलं. स्प्लिंट नसल्यामुळं नसा पुन्हा ताठल्या आणि टाच जमिनीवरून उचलली जायला लागली. चार पावलांची दोन झाली, मग पोरगी परत दांडी धरायला लागली. कुणी मला बोललं नाही. मॅडम सुद्धा नाही. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची की, पोरीनं दांडी धरली त्या दिवशी माझ्या आतलं काहीतरी निवांत झालं. अगदी थोडा वेळ. मग मी मुलाला घेऊन हापशावर गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

त्याच संध्याकाळी मी मॅडमकडून कारागिराचा नंबर घेतला आणि त्याला फोन केला. तो म्हणाला, नांदेडला माझ्याकडं घेऊन या, लगेच माप घेतो. शुक्रवारी मी तिला सांगितलं, "मी येते सोबत. चूक माझी हाय."

"नगं," ती म्हणाली. "भाऊ येईल माझा. पत्ता सांगा तेवढा."

मी कागदावर लिहायला लागले तर तिनं फोन पुढं केला. नवा होता, मोठ्या स्क्रीनचा. "यात बोला," म्हणाली. मी पत्ता बोलले. तिनं तो माझ्यासमोर पुन्हा लावून ऐकला, अख्खा, शेवटपर्यंत. त्यानंतर तिनं मला कुठलाच निरोप विचारला नाही. ग्रुपवर ती स्वतःच आली होती. लिहून काही आलं की "बोलून सांगा मॅडम" असा तिचा आवाज यायचा, आणि मॅडम बोलून सांगायच्या. इतकं सोपं होतं ते. दीड वर्षात मला कधी सुचलं नव्हतं, किंवा सुचू दिलं नव्हतं.

स्प्लिंट आले. पोरगी पुन्हा चालायला लागली, आधीपेक्षा थोडी वाकडी. आता ती तांड्यावरच्या अंगणवाडीत जाते. तो वाकडेपणा माझ्यामुळं आहे की तसाही राहिला असता, हे मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." त्यांनी खोटा दिलासा कधीच दिला नाही.

ती आता केंद्रात मदतनीस आहे. निळा अॅप्रन घालते. सुरुवातीला माझ्या मुलाकडे मॅडमच बघायच्या, पण केंद्रात येणारी लेकरं वाढली आणि एका मंगळवारी मॅडमनी त्याला तिच्या हवाली केलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. तिनं त्याला उचललं, भिंतीला टेकून बसली, त्याची पाठ आपल्या छातीशी घेतली आणि खिचडीचा चमचा त्याच्या ओठाला लावला. घरी माझ्या हातून जेवताना तो दर दोन घासांनी ठसकतो. तिच्या हातून ठसकला नाही. ती त्याच्या कानाशी आपल्या बोलीत काहीतरी गुणगुणत होती आणि तो हसला. तोंड उघडून, आवाज करून हसला.

मी पुन्हा जळले. पोरगी चालली तेव्हाही इतकी जळले नव्हते. सहा वर्षं मी त्याला वाढवत होते, आणि तो हिच्याकडं बघून हसत होता. उठून त्याला हिसकून घ्यावं असं वाटलं. मी चटईची कड घट्ट धरून बसले.

वाटी अर्धी संपल्यावर तिनं वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. म्हणाली, "इकडं या. बसा."

मी तिच्या जागी बसले. तिनं त्याला माझ्या मांडीत दिलं, माझा डावा हात उचलून त्याच्या हनुवटीखाली ठेवला.

"मान अशी. मागं नका जाऊ देऊ. घास ओठाला लावा अन् थांबा."

मी चमचा लावला आणि लगेच आत सारला. तो ठसकला.

"थांबा म्हणलं ना," ती चिडून म्हणाली. "तुमाला लई घाई असती. त्याला घेऊ द्या. त्यो घेतो."

मी पुन्हा चमचा लावला आणि थांबले. त्याचे ओठ हलले, बंद झाले, गळा खाली-वर झाला. ठसका नाही. पण डोळे तिच्याकडेच होते, तिचं गाणं थांबलं म्हणून शोधत. मी ते बघितलं आणि दुसरा घास भरला.

"म्हण की," मी तिला म्हणाले. "थांबली काहून?"

ती पुन्हा गुणगुणायला लागली.