इम्युनिटी वाढवलेला पेशंट

"गोळ्या वेळेवर चालू आहेत?"

"हो मॅडम. एकदम वेळेवर."

संदीपने हे माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. हातातल्या रिपोर्टमध्ये त्याचं क्रिएटिनिन दुप्पट झालं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो बाहेर टाकते. तो साठायला लागला, की किडनी थकली असं समजायचं.

मी नगरमध्ये किडनीची डॉक्टर आहे. संदीपचं भिंगारला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा पाथर्डीकडे शेती करणाऱ्या त्याच्या आईने, पार्वतीबाईंनी, आपली एक दिली. ऑपरेशन पुण्यात झालं, नंतरचा फॉलोअप माझ्याकडे. बरेच महिने सगळं सुरळीत होतं. पेशंट सुरळीत असला, की नातेवाइकांना काहीतरी करावंसं वाटतं.

पेशंट काहीही सांगो, मी रक्ताला विचारते. गोळीची रक्तातली लेव्हल तपासायला पाठवली. रिपोर्ट आला, जवळजवळ शून्य. संदीपला ताबडतोब बोलावलं. तो आला, सोबत आई आणि सावेडीला राहणारे सासरे. सासरे मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. अशा माणसांना सल्ला द्यायला आता हाताखाली कोणी उरलेलं नसतं, म्हणून जावई.

"मॅडम, गोळ्या मीच बंद करायला सांगितल्या," सासरे अभिमानाने म्हणाले आणि माझ्या टेबलावर हिरव्या पावडरचा डबा ठेवला. गोळ्यांऐवजी संदीपला ही इम्युनिटी वाढवणारी पावडर चालू होती. ते ती विकतातही. "गोळ्यांच्या माहितीपत्रकात चक्क छापलंय, यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. कंपनी स्वतः कबूल करते!"

"हो. त्यासाठीच देतो आम्ही."

चोराने चोरी कबूल केल्यावर बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पार्वतीबाईंचा चेहरा उतरला होता. मी त्यांच्याकडे वळले. "आजी, पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं ना?"

"येतं की. लई ठणकतं."

"ती लसिकाग्रंथी. शरीरातली पोलीस चौकी म्हणा. गळ्यात, काखेत, जांघेत अशा पुष्कळ असतात. रक्तवाहिन्यांसारखंच बारीक नळ्यांचं आणखी एक जाळं अंगभर असतं. जखमेतले जंतू त्यातून चौकीत येतात. तिथे पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात, स्वतःची संख्या वाढवतात आणि मारायला निघतात. चौकी सुजते, तेच तुमचं अवधाण."

"मंग चांगलंच हाय की ते."

"चांगलंच आहे. फक्त या पोलिसांना नातीगोती कळत नाहीत. तुमची किडनी त्यांच्या लेखी घुसखोर. आईची आहे म्हणून सूट नाही. गोळी त्यांना गप्प बसवते. गोळी बंद झाली, की ते किडनीवर तुटून पडतात."

 पार्वतीबाई लेकाकडे वळल्या. "माझं पोट फाडून दिली रं तुला. आन तू गोळी न्हाई खाल्ली?"

संदीपने मान खाली घातली. "आई, गोळ्यांनी हात थरथरायचे. बारीक सोल्डरिंग जमंना. गिऱ्हाइकाचा बोर्ड जळला माझ्या हातून. बंद केल्यावर हात स्थिर झाले. मला वाटलं, बरा झालो."

"बघा!" सासरे उजळले. "गुण आला होता."

"आला ना," मी म्हटलं. "हात स्थिर, किडनी अस्थिर. आता तो डबा उचला, मला ॲडमिशनचे कागद ठेवायचेत."

किडनीचा सुईने इवलासा तुकडा काढून तपासला. याला बायॉप्सी म्हणतात. रिजेक्शनच निघालं, म्हणजे शरीराने किडनी नाकारली होती. पांढऱ्या पेशी किडनीत दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांचं काम अतिशय चोख होतं. स्टिरॉइडची जोरदार इंजेक्शनं दिली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. क्रिएटिनिन हटायलाच तयार नव्हतं. पार्वतीबाई रोज वॉर्डाच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि एकच विचारायच्या, "लघवी झाली का त्याला?" मी 'झाली, पण कमी' म्हटलं, की तिथेच भिंतीला टेकून खाली बसायच्या.

आठवडा संपता संपता आकडा उतरायला लागला. किडनी वाचली. पूर्वीइतकी नाही. जो भाग वणासारखा कडक झाला, तो आता कधीच काम करणार नाही. पार्वतीबाईंना हे सांगणं मला सगळ्यात जड गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ऱ्हायली तेवढी सांभाळा."

थरथरीवर उपाय होता. त्याच औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी दिली, डोस बेताचा केला. संदीप पुन्हा दुकानात बसतो. गोळीच्या वेळेला आईचा फोन येतो. ती त्याला गोळी तोंडात टाकायला लावते, पाणी प्यायला लावते आणि मगच फोन ठेवते.

सासऱ्यांनाही अनुभवातून शिकायला मिळालं. मध्यंतरी माझ्याच वेटिंग रूममध्ये ते एका पेशंटला सांगत होते, "आमच्या जावयाची इम्युनिटी या पावडरने इतकी वाढली, की मोठमोठ्या डॉक्टरांना आवरेना. अशी पॉवर!"

पेशंटने भाव विचारला.

प्रतिकारशक्ती वाढवायला पावडरचा एक डबा आणि एक जावई पुरतो. ती आवरायला मात्र अजून डॉक्टरकी शिकावी लागते.