साहेबांनी घडवलेला लिफ्टर

मित्रांनो, आज सकाळी सुरतेत आमच्या जुन्या मिलच्या मॅनेजरसाहेबांचा सत्कार झाला. नव्वदी गाठलेले साहेब माईकवर म्हणाले, "नव्या खेळाडूंना मी पोटच्या पोरांसारखं जपलं." टाळ्या पडल्या. मला तर किळस आली.

बहात्तर साली मिलने मला धुळ्याहून खास व्हॉलीबॉलसाठी नोकरीवर आणलं. मी लिफ्टर, स्मॅश मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा, म्हणजे आमच्या टीमचा प्रत्येक डाव माझ्या हातून जाणार. नोकरी लागली म्हणून वडिलांनी गावभर पेढे वाटलेले. बारडोलीला पहिलाच सामना, आणि साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ए खानदेशी, हरलास तर सोमवारी गेटवर दिसू नकोस."

सामना सुरू झाला, पण माझं लक्ष साहेबांकडेच. पहिले तीन बॉल निसटले. साहेब कडेला उभे राहून शिव्या घालत होते.

ज्यांना बाहेर बसवून त्यांच्या जागी मला घेतलं होतं, ते जुने लिफ्टर ठाकोरभाई पाणी घेऊन आले. म्हणाले, "साहेबांकडे बघायचंच नाही, भाई. फक्त बॉल बघ."

आम्ही जिंकलो. विजयाचा हार साहेबांनी स्वतःच्या गळ्यात घालून घेतला.

आज त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. "याला मी घडवला!"

मी माईक घेतला. "मला ठाकोरभाईंनी घडवलं. साहेबांनी फक्त घाबरवलं."



खाली उतरलो तर साहेबांचा मुलगा म्हणाला, "काका, हे आजच बोलायचं होतं का?"

तेव्हा बोललो असतो तर नोकरी गेली असती. आज बोललो तर उद्धट ठरलो. मग बोलायचं तरी कधी? तुम्हीच सांगा.