चारोटीला जाऊन ये

तलासरीला नलूबायच्या दुकानात गाडीला काहीही नवीन बसवून घेतलं की ड्रायव्हरला एक चप्पल तिच्याकडे ठेवून जावी लागे. बंपर गार्ड असो, टूलबॉक्स असो, नाहीतर ताडपत्री ठेवायची जाळी असो, काम झालं की ती हात पुढे करी. "एक चप्पल काढ. चारोटीला जाऊन ये. आलास की परत आवळून देते, मग चप्पल घाल नि जा कुठं जायचं तिथं." नवखा ड्रायव्हर आधी हसे, मग वाद घाली आणि शेवटी एका पायानं अनवाणी केबिनमध्ये चढून हायवेवरच पुढे असलेल्या चारोटी गावाकडे निघे. दुकानाच्या ओट्यावर त्यामुळे नेहमी दोन-तीन जोडीवेगळ्या चपला पडलेल्या असत. एकदा एक प्रवासी तिथे आपली तुटलेली सँडल शिवून मागायला आला होता, त्याला तिनं ज्या भाषेत वाटेला लावलं ती इथे लिहिता येणार नाही.

तिच्या या हट्टाला कारण होतं. लोखंडावर लोखंड नव्यानं बसवलं की रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ते आपली जागा धरतं, मधला रंग दबतो आणि आवळलेला बोल्ट किंचित सैल होतो. तो परत एकदा आवळावा लागतो. हे हायवेवरच्या सगळ्याच गॅरेजवाल्यांना ठाऊक असतं आणि ते तसं सांगतातही. ड्रायव्हर मान डोलावतो आणि थेट अहमदाबाद गाठतो. नलूबायचा कुणाच्या मान डोलावण्यावर काडीचा विश्वास नव्हता. चप्पल मात्र हातात दिसायची.

नलूबाय मूळची चिंचणीची. आई मासळी विकायची, त्यामुळे आवाज वारशानं आला होता. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या क्लीनरला ती इकडून हाक मारी आणि मधून जाणाऱ्या कंटेनरच्या हॉर्नपेक्षा ती हाक मोठी ठरे. ऐन वयात ती तारापूरच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत जुळणीच्या टेबलावर कामाला होती. तिथे दिवसभर बोल्ट आवळायचे, तेही ठरलेल्या जोरानं, कमी नाही आणि जास्त नाही. कंपनी बंद पडल्यावर ती भावाकडे, हरेशभाऊकडे, तलासरीला आली. हरेशभाऊ लोखंड कापायचा, भोकं पाडायचा, जड वस्तू उचलून जागेवर धरायचा. शेवटचं आवळणं मात्र नलूबायचं. त्यात त्यानं हात घातलेला तिला खपत नसे.

त्यासाठी तिच्याकडे टॉर्कचा पाना होता. हा पाना लांब दांड्याचा असतो, त्यावर जोराचा आकडा लावून ठेवायचा, आणि तेवढा जोर झाला की तो 'कट' असा आवाज करतो आणि हाताला हलकासा झटका देतो. नलूबाय त्याला 'मास्तर' म्हणायची. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची, वापरून झाला की त्याचा आकडा खाली उतरवून ठेवायची, आणि कुणी त्यानं साधा गंजका नट उघडायला बघितलं तर अंगावर धावून जायची. "मास्तरला हमाली सांगतोस काय रे? जा, साधा पाना घे!" चार बोल्ट असतील तर चारही थोडेथोडे, समोरासमोरचे, फिरून फिरून आवळायचे ही तिची पद्धत. "एकाला पोटभर नि दुसरा उपाशी, असं पंगतीत चालतं काय?" असं विचारत ती बोल्टांना वाढायची.

आम्हा ट्रकवाल्यांच्या धंद्यात एक खोड आहे. पान्याच्या दांड्यात लांब पाईप घालायचा, त्यावर दोघांनी लोंबकळायचं, आणि बोल्ट कुरकुरला की समाधानानं हात झटकायचे. मीही आयुष्यभर हेच बघत आलो होतो. उधव्याच्या एका धिप्पाड ड्रायव्हरनं नलूबायकडून पुढचा गार्ड बसवून घेतला, चारोटीला जायचं सोडून पुढच्या ढाब्यावर गाडी थांबवली, आणि बाईमाणसानं आवळलेलं किती टिकणार म्हणून पाईप घालून वर आणखी पिळलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा गार्ड एका बाजूनं लोंबत होता आणि दोरीनं बांधला होता. मी तेव्हा तिथेच हॉर्न बदलून घेत होतो. वाटलं, आता याची धिंड निघणार. नलूबायनं तुटलेला बोल्ट हातात घेतला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोट लावून दाखवलं. तुटला होता तिथे बोल्ट ताणून बारीक झाला होता.

"बघ, मान कशी केलीस त्याची. ओढून ओढून जीव घेतलास बिचाऱ्याचा."

"बाय, मला वाटलं जास्त घट्ट म्हणजे जास्त मजबूत."

"बायको करशील तेव्हा तिलाही असाच धरशील काय? पळून जाईल माझ्या राजा."

सगळे हसले, तोही हसला. तिनं चारही बोल्ट नवे घातले. एकदा ताणलेला बोल्ट ती परत वापरत नसे. मग त्याच्या दोन्ही चपला ठेवून घेतल्या आणि त्याला चारोटीला धाडला.

मी चिखल्याचा. माझी स्वतःची गाडी आहे, चिकूचे क्रेट भरून वाशीच्या बाजारात नेतो. हॉर्न, सनव्हायजर, मागची जाळी अशा कामांसाठी नलूबायकडे जायचो, तिच्या शिव्या खायचो, मजेत होतो. मग एकदा ताडपत्री बांधताना गाडीच्या टपावरून घसरलो आणि उजवी मांडी मोडली. वापीला ऑपरेशन झालं. हाडाला पट्टी आणि स्क्रू बसले, पाय थोडा आखूड झाला, उजव्या चपलेला जाड तळ लावावा लागला आणि हातात काठी आली. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, पण एवढ्या उंच चढायचं नाही आणि वरून उडी तर मुळीच मारायची नाही. आता ट्रकच्या केबिनमध्ये न चढता ट्रक कसा चालवायचा हे काही त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्यांदा चढायला गेलो तेव्हा पाय पायरीपर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्यांदा पोचला, पण वर अंग उचलताना अशी कळ आली की मी तिथेच दाराला धरून लहान मुलासारखा रडलो. माझा मेहुणा नितीन भला माणूस आहे. तो म्हणाला, "दाजी, गाडी विकून टाका. गिऱ्हाईक मी बघतो. घराशेजारी दुकान टाकू." त्यानं गिऱ्हाईक बघितलंही. येत्या रविवारी ते गाडी बघायला येणार होतं. मला दुकानात बसलेला मी दिसेना. वीस वर्षांचा असल्यापासून मी स्टेअरिंगवर आहे, दुसरं मला काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नाही. रविवारच्या आधी एकदा नलूबायला विचारून बघू म्हणून नितीनला गाडी चालवायला लावून मी तलासरीला गेलो.

तिनं आधी माझ्या पायाची चौकशी केली, तीही तिच्या रीतीनं. "आत स्क्रू घातलेत म्हणतोस. डॉक्टरनं किती जोरानं आवळलेत ते विचारलंस की नाय?" मी नाही म्हटलं. "मग काय विचारलंस, बिलाचा आकडा?" मग तिनं मला गाडीच्या दाराशी उभं केलं आणि म्हणाली, "दुखणार नाय तेवढाच पाय उचल. बढाई मारायची नाय." मी उचलला. तिनं पायाखाली चेसिसकडच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडच्या, लोखंडावर खडूची रेघ ओढली. मग हात वर करायला लावला आणि हात सहज पोचला तिथे दुसरी रेघ ओढली. त्या दोन रेघांवर माझी पायरी आणि चढताना धरायचा माझा दांडा ठरला.

नितीनला घाई होती. तो म्हणाला, "बाय, वेल्डिंग मारून टाका ना, पक्कं होईल."

"चेसिसला भट्टी दाखवायची नाय," नलूबाय म्हणाली. "तापवलं की तिथलं लोखंड कमजोर होतं. आज पायरी राहील नि उद्या चेसिस चिरेल. बोल्टानं बसवू. मास्तर हाय माझा."

हरेशभाऊनं पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, कडा घासल्या. नलूबायनं प्रत्येक बोल्टाचे आटे फडक्यानं पुसले. तेल लागलेल्या बोल्टाला कोरड्याचा आकडा लावला तर तो जास्त ताणला जातो, हे मला तिच्याकडून त्या दिवशी कळलं. वायसर घातले, नट हातानं फिरवले आणि मग ती रस्त्यावर पोतं टाकून त्यावर आडवी झाली. साठीला आलेली, अंगानं भरलेली बाई, पदर खोचून माझ्या गाडीखाली पडली होती आणि एकेक बोल्ट फिरून फिरून आवळत होती. मला 'कट' ऐकू येत होतं. प्रत्येक कटला ती थांबायची, आणि पुढच्याकडे जायची.

बाहेर आली, अंग झटकलं आणि नेहमीसारखा हात पुढे केला. मी उजवी चप्पल काढायला लागलो तर ओरडली. "ती जाड तळाची नको रे, ती घेतली तर चालशील कसा? काठी दे."

"बाय, काठी नको," मी म्हणालो. मी ती घट्ट धरली, तसा नितीन लगेच पुढे आला. "मी चालवतो, मी जाऊन येतो चारोटीला."

"पायरी कुणासाठी बसवली?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुझ्या वजनानं ती बसेल काय याच्या जागेवर? हा चढेल, हा चालवेल. चारोटीला खाली उतरून चहा पिईल, नि परत चढेल. तेव्हा कुठं पायरीवर भार पडेल नि ती जागा धरेल. तू बाजूला बस." काठी तिनं माझ्या हातातून काढून घेतली सुद्धा.

मी चढलो. डावा पाय पायरीवर, हात दांड्यावर, आणि उजवा पाय आपोआप मागून आला. कळ आली नाही. गाडी सुरू केली आणि हायवेला लागलो. चारोटीला मी टपरीजवळ गाडी उभी केली. नितीन आधी उतरून धावत माझ्या बाजूला आला आणि दोन्ही हात पसरून खाली उभा राहिला, मी पडलोच तर झेलायला. मी दांडा धरून सावकाश उतरलो आणि त्याच्या हातांना हातही न लावता जमिनीवर उभा राहिलो. गाडीला टेकून आम्ही चहा प्यालो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नितीन टपरीवाल्याला सांगत होता, चहा गरम आहे म्हणून. परत मी चढलो. परतीच्या वाटेवर त्यानं खिशातून फोन काढला आणि त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, रविवारी येऊ नका, गाडी द्यायची नाही.

नलूबाय ओट्यावरच उभी होती. ती परत पोत्यावर आडवी झाली, एकेक बोल्टाला मास्तर लावला. सगळे थोडे थोडे फिरले आणि मग कट वाजला. "रंग दबला. आता झालं," ती म्हणाली आणि काठी माझ्या हातात दिली. मी तिच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला तर खेकसली, "वाकू नको, पाय मोडशील. वर्षानं दाखवायला ये."

मी दर वर्षी गेलो. त्या पायरीवरून मी किती वेळा चढलो-उतरलो याला हिशेब नाही. मुलीचं शिक्षण झालं, घरावर पत्र्याच्या जागी कौलं आली, आणि हे सगळं मी स्टेअरिंगवर बसून केलं. कुणी कौतुक केलं तर मी नलूबायचं नाव सांगतो. आपल्याला कुणामुळे जगता आलं हे माहीत असणं हेही नशीबच म्हणायचं, आणि ते मला मिळालं.

गेल्या वर्षी गेलो तर तिनं मास्तर हरेशभाऊच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मला ते विचित्र वाटलं. तिनं उजवा हात वर केला. "बोटांना मुंग्या येतात. कट वाजतो तेव्हा झटका कळत नाय, नि कानालाही आता हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाय. परवा मास्तर बोलला तरी मी ओढतच राहिले. बोल्ट टाकून दिला. हरेशला सगळं शिकवलंय. मी आता चिंचणीला जाते, भाचीकडे." हरेशभाऊनं तिला गल्ल्यावर तरी बस म्हणून खूप सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही. पाना हातात नाही तर तलासरीला बसून काय करू, असं म्हणाली.

तिचं सामान थोडं होतं, एक पेटी आणि दोन पिशव्या. मी म्हटलं, माझ्या गाडीतून नेतो. इतकी वर्षं हायवेवर काढली, शेकडो गाड्यांखाली झोपली, पण ट्रकच्या केबिनमध्ये ती कधी बसली नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं. पलीकडच्या दाराला नुसती कंपनीची उंच पायरी, म्हणून मी तिला माझ्या बाजूनं आणली. तिनं दांड्याला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला आणि तशीच थांबली. गुडघे सुजलेले, अंग जड. खाली वाकून त्या पट्टीकडे बघत राहिली.

"पेलेल काय रे मला?" नलूबायच्या तोंडून असा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

मी तिच्या मागे उभा राहिलो. "चढ बाय, बिनघोर चढ," मी म्हणालो. "ही पायरी जिनं बसवलीय तिला मी ओळखतो."

तिनं पदर खोचला, अंग उचललं आणि चढली.