ओटीतलं पाचवं केळं

पिकलेल्या केळ्याला वाघापेक्षा जास्त भिणारा माणूस या जगात एकच आहे, आणि तो म्हणजे माझा थोरला साडू, ज्याला सगळे भाऊ म्हणतात. वाघ आला तर भाऊ त्याला "कोनाकडे ऊना भाऊ?" असं विचारून पाणी देतील. पण पिवळं, ठिपके पडलेलं एक केळं दिसू द्या, त्यांचा चेहरा पांढरा पडतो. चोपड्याजवळ त्यांची केळीची बाग आहे आणि बागेला लागून पत्र्याची मोठी शेड. तिथे हिरव्या फण्या धुऊन, पुसून खोक्यांत भरतात, खोकी थंड कंटेनरमध्ये चढतात, कंटेनर बंदरावर जातो आणि तिथून जहाजाने दुबईला. आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की बंद खोलीत एक पिकलेलं फळ ठेवलं की बाकीची त्याच्या नादाने पिकायला लागतात. कंटेनर ही तशी बंद खोलीच, आणि ती पुरते पंधरा-वीस दिवस उघडत नाही. त्यामुळे शेडच्या फाटकावर भाऊ स्वतः उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी हुंगतात. एकदा त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांनी कौतुकाने आंब्याची पेटी आणली. पेटीला रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली बसवलं आणि व्याह्यांनाही तिच्यासोबत तिथेच बसवलं. चहा, फराळ, लग्नाची बोलणी, सगळं लिंबाखालीच झालं.

इतर माणसांच्या खिशाला पेन असतं, भाऊंच्या खिशाला थर्मामीटर असतो. कंटेनरच्या आत साडेतेरा अंश पाहिजेत म्हणजे पाहिजेत, आणि या साडेतेराने त्यांच्या डोक्यात असं घर केलंय की बाकीच्या आकड्यांना तिथे जागाच उरलेली नाही. जळगावला पिंप्राळ्यात एका भाचीचं लग्न होतं. हॉलच्या एसीचा रिमोट कुणीतरी विश्वासाने भाऊंच्या हाती दिला. अर्ध्या तासात सगळे म्हातारे आहेराच्या शाली पांघरून बसले, आणि भाऊ समाधानाने सांगत फिरत होते, "आते पोरं टवटवीत ऱ्हातीन." नवरदेवाचे दात वाजत होते. मी धुळ्याच्या शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून एकदा अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांबद्दल त्यांना चार गोष्टी सांगायला गेलो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही समुद्र फळ्यावर काढतस. मना माल त्यामाईन जास." त्यानंतर मी त्यांच्यासमोर भूगोल काढलेला नाही.

पण मला सांगायचीय ती गेल्या एप्रिलमधली गोष्ट. तोवर भाऊंचा माल दुसऱ्यांच्या नावाने जायचा. हा पहिला कंटेनर त्यांच्या स्वतःच्या नावाचा. दुबईच्या व्यापाऱ्याने स्वच्छ कळवलं होतं की माल हिरवा उतरला तर दर आठवड्याला पाठवा, पिकून उतरला तर पुन्हा फोन करू नका. शिवाय आत एकट्या भाऊंची केळी नव्हती. गावातल्या अठरा जणांनी, कुठलाही कागद न करता, नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघून बागा कापू दिल्या होत्या. भाऊ चार दिवस जेवले नव्हते असं अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, भाऊंची बायको. सुट्टी लागली होती म्हणून मला बोलावून घेतलं आणि कंटेनरच्या आत उभं राहून खोकी मोजायचं काम दिलं. बाहेर बेचाळीस अंश आणि आत साडेतेरा, तेव्हा मी ते काम आनंदाने घेतलं.

शेवटची रांग लागत असताना अक्का दाराशी आल्या. पदराखाली हिरव्या खणाचं गाठोडं होतं. त्या कंटेनरला कंटेनर म्हणतच नाहीत, पोर म्हणतात. हळूच म्हणाल्या, "मास्तर, हाई ओटी आत ठेवा. पोरले रिकामी ओटीनी कशी धाडानी?" भाऊंनी ओटीला साफ नकार दिला होता, दाराला हळदीकुंकू लावायची तेवढी परवानगी होती. मी का-कू करत होतो, तर त्यांचे डोळे भरले. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी परदेशी गेली, तेव्हा विमानतळावरच्या तपासणीत तिच्या ओटीतला नारळ काढून घेतला होता. "तवयपासून मनले टोचस," त्या म्हणाल्या. मी गाठोडं घेतलं आणि भाऊंना दिसू नये म्हणून शेवटच्या रांगेमागे, दोन खोक्यांच्या फटीत, पार आत ढकललं. दार लागलं, सील पडलं, भाऊ गाडीमागे फाट्यापर्यंत चालत गेले आणि परत येऊन पहिल्यांदा चहाचा कप हातात घेतला.

तेव्हा अक्कांच्या पोटात राहिलं नाही. "आते मन शांत व्हयनं," त्या म्हणाल्या, "मास्तरसना हाते ओटी आत ठेवाडी दिनी."

भाऊंनी कप खाली ठेवला. "ओटीमा काय व्हतं?"

"खण, नारळ, तांदूळ."

"आनी?"

"हळकुंड, सुपारी."

"आनी?"

"पाच केळी, आपलाच बागमाईन."

"कच्ची का पिकेल?"

"ओटीमा कोनी कच्ची केळी टाकस का?" अक्का उलट त्यांच्यावरच डाफरल्या.

भाऊ उठले. त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला, सोनगीरच्या ढाब्यावर गाडी थांबव, थंड करायचं मशीन बंद करू नको असं सांगितलं, आणि आम्ही जीपमध्ये बसलो. शिरपूर मागे पडेपर्यंत ते एकदाच बोलले, तेही रस्त्याकडे बघून. "अठरा घरं शेतस, मास्तर." इथे मला वाचकांपाशी एक कबुली द्यायची आहे, जी मी जीपमध्ये दिली नाही. पहाटेपासून उपाशीपोटी खोकी मोजत होतो. गाठोडं ढकलताना त्याची गाठ सैल झाली आणि वास आला. पाचातलं एक केळं मी खाल्लं होतं. साल माझ्या झब्ब्याच्या खिशात होती. हजारो केळ्यांत या पाचांनी काय बिघडणार, असं तेव्हा वाटलं होतं. आता खिशावर हात ठेवून मी बसलो होतो.

सोनगीरला पोचलो तेव्हा किल्ल्याची टेकडी उन्हात पांढरी दिसत होती आणि लू वाहत होती. बंदरावरची कागदपत्रं बघणारा एजंट फोनवर ओरडत होता. "सील तोडू नका! नवा नंबर चढवावा लागेल, उद्या सकाळी बंदराचं गेट बंद होतं, जहाज चुकेल! साहेबांनी कारण विचारलं तर काय सांगू मी?" भाऊ म्हणाले, "सांगा, पोरगीनी ओटी आत ऱ्हायनी." आणि जवळचं दुसरं सील काढून त्याचा नंबर शांतपणे वाचून दाखवला. ढाबेवाल्याने बारदानं भिजवून दाराशी धरली. दोनातलं एकच दार उघडलं. फट अरुंद होती, मी अरुंद नाही. तरी ठेवणारा मी असल्याने घुसावं मलाच लागलं. मागे भाऊ थर्मामीटर धरून उभे. "चौदा," ते म्हणाले. गाठोडं हाताला लागेना. "पंधरा." लागलं. बाहेर काढून उघडलं, भाऊंनी केळी मोजली. चार.

"पाचवं कोठे शे?"

मी खिशावर हात घट्ट धरला. त्यांनी अक्कांना फोन लावला. पलीकडून आवाज इतका स्पष्ट आला की ढाबेवाल्यालाही ऐकू गेला. "पाच! ओटीमा चार कोन ठेवस?"

"पडनं आत कोठेतरी," भाऊ म्हणाले. "सोळा. खोकी उतारा. बठ्ठी उतारा." ड्रायव्हरने पहिलं खोकं उचलून रस्त्यावर ठेवलंही. त्या उन्हात सगळा माल उतरवायचा म्हणजे ओटीने जे कदाचित झालं असतं ते आम्ही स्वतःच्या हाताने नक्की करणार होतो. पन्नाशी उलटलेला मास्तर, चोरून खाल्लं हे सांगायला किती वेळ लावतो, तर "सतरा" होईपर्यंत लावतो.

"भाऊ," मी म्हणालो, "ते माझ्या पोटात आहे."

खिशातून साल काढून पुढे केली. तिचा तोवर काळा लगदा झाला होता. भाऊंनी ती घेतली, हुंगली, उलटीसुलटी करून बघितली. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. ते एवढंच म्हणाले, "खोकं आत घाला. दार लावा." नवं सील पडलं. ओटी टाकून देववेना, म्हणून गाठ मारून ड्रायव्हरच्या हाती दिली. वयस्क मुसलमान माणूस होता, त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाला, "बेटी की है, मेरे बाजू में रखूँगा." गाडी निघाली.

जहाज मिळालं. पुढचे अठरा दिवस भाऊंनी कसे काढले ते अक्कांनाच विचारावं. मी तर धुळ्यात बसून रोज स्वतःला शिव्या घालत होतो. एकोणिसाव्या दिवशी त्यांचा फोन आला, "या." बस पकडून गेलो. भाऊ बागेत, केळीच्या सावलीत बसले होते. मोबाईल माझ्यापुढे धरला. व्यापाऱ्याचा निरोप होता: माल मिळाला, हिरवा आहे, पुढचा पाठवा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भाऊ मात्र तो निरोप वर-खाली सरकवत होते, जणू आणखी एखादी ओळ कुठेतरी दडली असावी.

"इतला वरीस माल धाडतस," ते म्हणाले. "तठे पिकस, तठेच लोके खातस. गोड व्हतं का नही, कोनी लिखत नही." पिकलेलं फळ हाताळायचं नाही म्हणून पॅकिंगच्या दिवसांत भाऊ स्वतः ते तोंडाला लावत नाहीत, आणि पॅकिंग त्यांच्याकडे बाराही महिने चालतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही खादं ना, मास्तर. कसं व्हतं?"

"गोड होतं, भाऊ," मी म्हणालो. "फार गोड होतं."

एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. साल सहज सुटली का, गर घट्ट होता का, मधे गाठ लागली का, वास किती वेळ हाताला राहिला, सगळं त्यांनी एकेक करून विचारलं. मी आठवून आठवून सांगत गेलो. भाऊ डोळे मिटून ऐकत होते, आणि मधेच त्यांनी घोट गिळला.