एका विषयाचं नाव

एडिनबराला येऊन अकरा वर्षं झाल्यावर मी कॉलेजात नाव घातलं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रिसेप्शनवर बसून रक्ताचे नमुने आत पाठवायचे, एवढंच माझं काम. त्या रक्ताचं पुढे काय होतं ते शिकावंसं वाटत होतं. दोन वर्षांचा डिप्लोमा केला की युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश, असं माहितीपत्रकात छापलं होतं. त्या भरवशावर मी नोकरी पार्ट-टाइम केली.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत अर्ज केला. माझी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनेही त्याच आठवड्यात केला. तिला लवकरच ऑफर आली. मला आलं ते असं: तुमचा स्टॅटिस्टिक्स झालेला दिसत नाही, तेव्हा पहिल्या वर्षाचा विचार करावा.

झाला होता की! फक्त आमच्या कॉलेजात त्याला ‘डेटा हँडलिंग’ म्हणतात. तसं कळवलं, तर युनिव्हर्सिटीने कॉलेजचं पत्र मागितलं. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आम्ही ठरलेल्या नमुन्यातलंच पत्र देतो, विषयात काय शिकवलं ते त्यांनी आमच्या वेबसाइटवर पाहावं. युनिव्हर्सिटी म्हणाली, वेबसाइट पुरावा म्हणून चालत नाही. मी पुन्हा ऑफिसात. त्या बाई फार गोड बोलायच्या. पुढेपुढे मला त्या गोडव्याचाच राग यायला लागला. मग शिकवणाऱ्या सरांना गाठलं. लिहून देतो म्हणाले, आणि ईस्टरच्या सुट्टीवर निघून गेले.

एका संध्याकाळी मुलीने विचारलं, “आई, तुझी अर्ज अजून नाही गेली?”

“गेला,” मी म्हटलं. “अर्ज गेला. उत्तर येत नाही.”

तिला वाटलं, मी तिचं मराठी सुधारतेय. मग म्हणाली, तू पहिलं वर्षच कर ना, आपण दोघी एकदम फ्रेशर्स होऊ. बिचारीचा हेतू चांगला होता. मी मात्र हातातलं ताट सिंकमध्ये आपटलं. दोन वर्षं मान मोडून शिकलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकायचं?

सुट्टी संपायची वाट न बघता वही आणि तपासलेले पेपर घेऊन मी युनिव्हर्सिटीत गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, अपॉइंटमेंट लागते. मी बसते म्हटलं आणि दोन तास बसले. शेवटी कोर्सचे प्रमुख खाली आले. त्यांनी उभ्याउभ्याच वही चाळली. एका गणितावर बोट ठेवून, इथे हीच पद्धत का वापरली म्हणून विचारलं. मी सांगितलं. इतक्या महिन्यांत मला कोणी विषयाबद्दल काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

“हे स्टॅटिस्टिक्सच आहे,” ते म्हणाले.

“जानेवारीपासून मी हेच सांगतेय.” माझा आवाज चढला होता. त्यांनी माफी मागितली.

शुक्रवारी तिसऱ्या वर्षाची ऑफर आली. ती वर्गातल्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितली, तेव्हा कळलं की तिलाही तेच पत्र आलं होतं आणि तिने निमूटपणे पहिलं वर्ष स्वीकारलं होतं. जाऊ दे, ती म्हणाली, आता कुठे भांडत बसू. माझं डोकं पुन्हा तापलं. सोमवारी दहा वाजता वही घेऊन युनिव्हर्सिटीच्या गेटपाशी उभी राहा, असं तिला बजावून मी फोन ठेवला.

ती दहाला दहा मिनिटं असतानाच आली होती.