जपानी गाडीला मागाचं तेल

आमच्या घरात जपानी मोटारसायकल आली ती माझ्या नवऱ्याच्या हौसेपायी. ते मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होते. सत्तरच्या दशकात सोलापुरात मोटारसायकल म्हणजे जाडजूड, ढेकर देत चालणारी. ही मात्र सडपातळ, दोन सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची. शर्यतीत धावणाऱ्या गाडीवरूनच कंपनीनं ही रस्त्यावरची गाडी काढली, असं ते ज्याला-त्याला सांगत. अक्कलकोट रस्त्याला लागली की अशी उसळी घ्यायची की मागं बसणारीनं कंबर सोडली तर थेट ज्वारीत. मी सोडली नाही, म्हणून आज सांगायला आहे.

ते जहाजावर गेले की गाडी माझ्या हवाली. त्यांच्या भावाच्या नाही, माझ्या. माझं माहेर दुधनीचं, वडिलांची पिठाची गिरणी. इंजिनाचा आवाज बदलला की जेवत्या ताटावरून उठायचं, हे मी तिथंच शिकले. दर रविवारी पदर खोचून मी गाडी स्टँडवर चालू करी, प्लग काढून घासी, साखळीला तेल देई. शेजारणी हसत. हसू देत, त्यांच्या नवऱ्यांच्या गाड्या ढकलल्याशिवाय चालू होत नव्हत्या.

या गाडीची एक तऱ्हा होती. आपल्याकडच्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. हिला सीटखाली तेलाची वेगळी टाकी. तिथून पंप हवं तेवढं तेल इंजिनाला पोचवी. चुकीचं तेल गेलं की पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होणार, आणि त्याचे सुटे भाग सोलापुरात सोडाच, मुंबईतही मिळायची मारामार.

थोरल्या दिरांचा मागांचा कारखाना होता, घराला लागूनच. त्यांच्याशी मी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीतच तशी. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं तर जाऊबाईंमार्फत. लग्नापासून आमचं एक वाक्यही झालं नव्हतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

खंडेनवमीला माग पुसून, तेल देऊन, झेंडू बांधून पूजा झाली. नटबोल्टांचे पाने, कात्र्या, मागाचे धोटे कुंकू लावून पाटावर मांडले. गाडीलाही हार घातला. दुसऱ्या दिवशी दसरा. भावजी कोरी टोपी घालून सोनं वाटायला निघाले. वर्षातून तेवढं एकदा ते धाकट्या भावाची गाडी मिरवत. गाडीवर बसता बसता जाऊबाईंना म्हणाले, "काल समद्या मागांना त्याल दिलं. हिला एकलीलाच उपाशी कशाला ठिवायचं? हिची बी टाकी काठोकाठ भरली की!"

जाऊबाई कौतुकानं हसल्या आणि ओवाळायचं ताट आणायला आत गेल्या. मागाचं तेल म्हणजे पाण्यासारखं पातळ, कापडावर डाग राहू नये असं. गाडी नवऱ्याची होती, पण राखायची जबाबदारी माझी होती. भावजींनी किकवर पाय ठेवला.

"निल्लरी!" माझ्या तोंडून माहेरची कानडी निघाली, तीही गल्लीला ऐकू जाईल एवढी. "थांबा, किक मारू नका! त्या तेलानं पिस्टन जाम हुईल!"

भावजींचा पाय तसाच राहिला. माझ्याकडं न बघता ते आत ओरडले, "अगं, तिला इचार, मागाला चालतंय त्ये हिला का चालत न्हाय?"

जाऊबाई ताट घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारायची मी वाट पाहिली नाही. "माग तापत न्हाई, हे इंजिन लई तापतंय. ते तेल जळून जाईल, पिस्टन कोरडा पडंल."

ते खाली उतरले. पण टाकीची नळी सोडायला पाने हवेत, आणि पाने पूजेत. संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नव्हता. मी पाटाकडं पाहिलं, त्यांनीही पाहिलं. मग तेच वाकले, दोन पाने उचलले आणि त्यांचं कुंकू कोऱ्या धोतराला पुसलं.

"देव रागवला तर माझ्यावर रागवंल," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

मी सांगत गेले, ते करत गेले. मागाचं तेल परातीत काढलं, नवऱ्यानं ठेवलेल्या डब्यातलं भरलं, पंपातले हवेचे बुडबुडे संपेपर्यंत थेंब गळू दिले. सुरुवातीला कमी पडायला नको म्हणून पेट्रोलमध्येही थोडं तेल मिसळलं. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. दोन्ही सिलिंडर एका सुरात बोलायला लागले आणि मला इतका अभिमान वाटला की रडू यायचंच बाकी राहिलं.

भावजी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि थांबले. जादा तेलानं मागं निळा धूर झाला होता. सगळी गल्ली दारात उभी होती. त्यांनी मान वळवली, जाऊबाईंना ओलांडून सरळ माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, धूर लई येतोय. जाऊ का फुडं?"

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यांच्याएवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "जावा, भावजी. धूर जाईल. आवाज मी ऐकतीय हितनं."