इंजिन बंद करण्याआधीचं एक मिनिट

दादाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो गाडीत बसला होता, इंजिन चालू होतं, डोळे मिटलेले होते आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते. पौषातली सकाळ, साडेआठ वाजले असतील. धुकं अजून हटलं नव्हतं. मी पिशवी घेऊन भाजीला निघाले होते. मैदागिन चौकाच्या अलीकडे एका जुन्या धर्मशाळेच्या आवारात आमच्या मोहल्ल्यातल्या पाच-सात गाड्या उभ्या असतात, कारण पुढे गल्ल्यांत गाडी जात नाही. तिथूनच माझा रस्ता. गाडी दिसली, दादा दिसला. वाटलं, स्टेशनवरून परतला असेल, बसला असेल आपलं ते एक मिनिट मोजत. बस बाबा, असं मनात म्हटलं आणि पुढे गेले... त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, काय भाग्याचं मरण, काशीत, आणि कुणाला त्रास न देता. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत जाते.

दादा म्हणजे माधव, माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. पणजोबा पूजापाठाच्या निमित्ताने आले ते इथलेच झाले. दादा मात्र पूजापाठाच्या वाटेला गेला नाही. तो विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये पोरांना लेथ शिकवायचा. मी शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि जिभेचं म्हणाल तर ती पहिल्यापासूनच तिखट. वहिनी गेल्यावर, आणि दादाचा मुलगा अमेय नोकरीसाठी बंगळूरला राहायला लागल्यावर, घरात आम्ही दोघंच उरलो. दोन म्हातारी माणसं आणि एक गाडी.

गल्लीत स्कूटरसुद्धा जीव मुठीत धरून चालवावी लागते, तिथे गाडी कशाला, असं लोक विचारायचे. त्याचं कारण असं. महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन काशीला येतात. रात्रभर रेल्वेत बसून आंबलेले, डोळे सुजलेले, मांडीवर लाल कापडात बांधलेला कलश, आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की दहा रिक्षावाले अंगावर. एकदा दादाने पाहिलं, सोलापूरकडची एक बाई एकटीच आली होती, आणि रिक्षात तिच्या पायाशी तो कलश गडगडत होता. घरी आला तेव्हा त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी घाटावरच्या उपाध्यांना स्वतःचा नंबर देऊन आला. तेव्हापासून कुणीही आपल्याकडचं अस्थी घेऊन येणार असलं की दादा गाडी घेऊन स्टेशनवर हजर. कुणाकडून काही घ्यायचा नाही. शेजारी वहिनी बसायची, पायाशी चहाचा थर्मास. आणि मागच्या सीटवर मधोमध कलश ठेवून दादा त्याला बेल्ट लावायचा. एका गृहस्थांना हे जरा विचित्र वाटलं, तर दादा शांतपणे म्हणाला, मागे बसलेल्याला धक्का लागता कामा नये.

जुनी गाडी करड्या रंगाची, बुटकी, मागे उघडणारं दार, पण इंजिन सोळाशे सीसीचं. दादाला त्याचा कोण अभिमान! पाय ठेवला की निघते, विचारत बसत नाही, असं म्हणायचा. मीसुद्धा त्याच गाडीवर शिकले, चाळिशी उलटल्यावर, रामनगरच्या रस्त्यावर, त्याच्या शिव्या खात. वहिनीला अटॅक आला तेव्हाही तिला त्याच गाडीतून नेलं. मी मागे होते, ती पुढे तिच्या नेहमीच्या जागी. दादाने त्या दिवशी गाडी जशी पळवली तशी ना आधी पळवली होती, ना नंतर. तरी लहुराबीरच्या चौकात तिची मान कलली ती कललीच. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. फक्त त्यानंतर पुढच्या सीटवर कुणाला बसू द्यायचा नाही. कलशाबरोबरची तीन माणसंसुद्धा मागे दाटीवाटीने बसायची.

पंधरा वर्षं झाली, गाडीची नोंदणी संपली, धूर यायला लागला, क्लच इतका जड की दादाचा गुडघा सुजायचा. दोन महिन्यांत दोनदा ती भर चौकात बंद पडली. एकदा तर वाईची मंडळी मागे रडत होती, कलश बेल्टमध्ये, आणि सत्तरीचा माणूस एकटा गाडी ढकलतोय. मी म्हटलं, आता बास. माहितीपत्रकं आणून टेबलावर पसरली. नवी गाडी धाकटी होती, इंजिन हजार सीसीचं, तीनच सिलिंडर, पण टर्बो. धुराड्यातून बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर एक चकती फिरते, ती इंजिनात जास्त हवा कोंबते, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. हे मी त्याला ऐटीत वाचून दाखवलं. ज्याने आयुष्यभर यंत्रं उघडली त्याला! तो म्हणाला, "हजार सीसी? शकू, एवढ्याशा यंत्रावर आपली आई पुरण वाटायची." मग तिथल्या तिथे एका पाकिटाच्या पाठीवर मला टर्बोचं चित्र काढून दाखवलं, माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या, आणि वर नको म्हणाला.

शेवटी चालवून तरी बघू म्हणून शोरूमला गेलो. दादाने पिशवीतून तांब्या काढला. काठोकाठ पाणी भरलेला तांब्या मागच्या सीटवर ठेवून त्याला बेल्ट लावला. सेल्समनने विचारलं, "बाबूजी, ये क्या है?" दादा म्हणाला, "सवारी." निघालो. या गाड्यांचं असं असतं की सुरुवातीला पाय दाबला तरी क्षणभर काही होत नाही, आणि मग एकदम ओढ येते. तशी ती आली. सेल्समन खुशीत पिकअपचं कौतुक करत होता आणि दादा आरशातून ओली झालेली सीट बघत होता. गाडी परत आणून लावली आणि म्हणाला, ही आधी थांबते आणि मग घाई करते, ही आपल्या कामाची नाही.

मी पंधरा दिवस डोकं खाल्लं. हो, मीच. गुडघ्याची भीती घातली, अमेयला फोन करायला लावला, भर चौकात पुन्हा बंद पडली तर त्या लोकांना काय तोंड दाखवशील, असंही म्हटलं. त्यावर त्याने उठून जुन्या गाडीचे कागद काढले. जुनी गाडी बदल्यात देऊन टाकली. द्यायच्या दिवशी तो पुढच्या, वहिनीच्या सीटवर जाऊन बसला, मग उतरला आणि चावी देऊन टाकली. मी घाईत होते, कागदांवर त्याची सही घेत होते.

त्यानंतरचे पंधरा दिवस मात्र फार सुखाचे गेले. रोज पहाटे रिकाम्या रिंगरोडवर दादा नव्या गाडीची खोड मोडायला निघायचा. मागे मी आणि माझ्या शेजारी बेल्ट लावलेला तांब्या. सांडलं की मी ओरडून सांगायचे. ओढ कुठे सुरू होते ते त्याने पायाने शोधून काढलं, आणि त्याच्या जरासं आधीच पाय हलका करायला शिकला. ज्या दिवशी मैदागिनपर्यंत एक थेंब सांडला नाही, त्या दिवशी आम्ही कचौडी-जिलबी खाल्ली आणि ते पाणी त्याने पिंपळाला घातलं.

ते एक मिनिटसुद्धा माझंच. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी अथपासून इतिपर्यंत वाचलं, दुसरं कोण वाचणार? त्यात लिहिलं होतं, लांबून किंवा वेगाने आलात तर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर नुसतं चालू ठेवा, टर्बोला थंड होऊ द्या. मी त्याला वाचून दाखवलं. आता दादाला एकदा नियम सांगितला की संपलं. कोपऱ्यावरून आला तरी मिनिटभर बसणार. डोळे मिटायचे, अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची, बारा पेरांच्या पाच फेऱ्या, साठ झाले की चावी फिरवायची. आवारातला म्हातारा चौकीदार रामधनी हसायचा. मी तर टिंगलच करायचे, म्हणायचे, जप करतोस की गाडीला अंगाई गातोस?

डिसेंबर उतरता उतरता एका संध्याकाळी तो उशिरा जेवायला आला आणि पाटावर बसता बसता म्हणाला, मिर्झापूरला जाऊन आलो. जुनी गाडी तिथल्या एका मास्तरांनी घेतली होती. पत्ता शोधून हा गेला, त्यांची परवानगी घेतली आणि दहा मिनिटं पुढच्या सीटवर बसून आला. मला काही कळेना, संताप आला. पाय सुजलेले, एवढ्या थंडीत, एवढ्या लांब! मी विचारलं, कशाला? तो खाली बघत म्हणाला, "या नव्या गाडीत ती बसत नाही गं." मी काय म्हणावं? वाटीत आमटी वाढत म्हणाले, "वहिनी त्या गाडीतही नव्हती, दादा. आणि असती तरी विकताना सही तूच केलीस."

त्याने हात धुतले आणि उठला. ताटात भात तसाच होता. माझ्या तोंडून ते गेलं खरं, पण मी ते परत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नाशिकची मंडळी यायची होती. तो उठला, स्वेटर घातला, आणि मी जागी असून उठले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या हातचा चहा न घेता स्टेशनवर गेला.

आणि साडेआठला मी त्याला गाडीत बसलेलं पाहिलं. दाराशी थांबले नाही, काच वाजवली नाही. अबोला होता ना! पण बाजारात राग किती टिकणार? ठठेरी बाजारात मलइयोवाला दिसला. थंडीच्या दिवसांत दुधाचा तो फेस दादाला जीव की प्राण, आणि ऊन चढलं की तो विरून जातो. मातीचे दोन कुल्हड भरून घेतले, हाताने झाकून भरभर परत निघाले. काही बोलायचं नाही, नुसता कुल्हड पुढे करायचा, एवढं ठरवलं होतं. चाळीस मिनिटं झाली असतील. आवारात आले तर इंजिन चालूच होतं.

रामधनी फाटकाशी शेकत बसला होता. तो रडत एकच सांगत राहिला, "हम तो समझे, बाबूजी अपना मिनट गिन रहे हैं." दादाचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर होता. डॉक्टर म्हणाले, एका झटक्यात गेले असणार, तुम्ही काही करू शकला नसता. असणार, असं म्हणाले.

मी गणिताची बाई. त्या दिवसापासून मी एकच उदाहरण सोडवते आहे आणि उत्तर येत नाही. बाहेर एवढी थंडी, काचा बंद, आत माणूस श्वास घेत असेल तर काचेवर वाफ धरायला हवी. मी जाताना काचेवर वाफ होती का? मला त्याचे मिटलेले डोळे दिसले, म्हणजे काच स्वच्छ होती. म्हणजे तो तेव्हाच गेलेला होता... म्हणजे माझी सुटका. पण आत हीटर चालू असेल तर वाफ धरत नाही. परत आले तेव्हा हीटर चालू होता का? दार उघडल्यावर तोंडावर गरम हवा आली की नाही? आठवत नाही. कधी वाटतं, आली. कधी वाटतं, काचेच्या खालच्या कोपऱ्यात थोडी वाफ होती, हाताच्या पंजाएवढी. ती मी खरंच पाहिली की नंतर मनाने काढली, कोण सांगणार? भाजी चिरताना हात थांबतो आणि मी पुन्हा त्या काचेसमोर उभी असते.

अमेय विमानाने आला. मणिकर्णिकेवर सगळं झालं आणि राख तिथल्या तिथे गंगेला दिली. इतक्यांना ज्याने बेल्ट लावून आणलं, त्याला स्वतःला गाडीची गरज पडली नाही. नाशिकच्या मंडळींना कळलं तेव्हा त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, आमच्या बाबांना एवढं सांभाळून कुणीच नेलं नसतं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून रडले.

त्याचा फोन मी बंद केलेला नाही. तो वाजतो. साताऱ्याहून येतोय, परभणीहून येतोय, माधवराव आहेत का? मी सांगते, नाहीत, पण गाडी येईल. आणि जाते. कलशाला बेल्ट लावते. ओढ कुठे येते ते माझ्याही पायाला आता ठाऊक आहे. परतले की आवारात गाडी लावते, डोळे मिटते आणि पेरं मोजायला लागते. साठ कधीच होत नाहीत. वीस-पंचवीसच्या आसपास पावलं वाजतात आणि रामधनी काच वाजवतो. तसं कुणी त्याला सांगितलेलं नाही, पण त्या दिवसापासून आवारात गाडीत कुणीही बसलेलं दिसलं की तो उठून जातो आणि वाजवतो. "बहनजी, ठीक हैं न?" मी मान हलवते, तो परत आगीपाशी जातो. मी चावी फिरवते आणि जरा वेळ तशीच बसते. एवढंच करायचं होतं... दोन बोटांनी, काचेवर.